‘फेअर’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थेतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी भाषेत नित्य व्यवहारात येणाऱ्या विशेषणांत ‘फेअर’ या विशेषणाचा समावेश होतो. निरभ्र हवा ‘फेअर’ असते. शिडात भरणारा वारा ‘फेअर’ असतो. उजळ वर्णाची व सोनेरी केसांची व्यक्ती ‘फेअर’ असते. खाडाखोड नसलेली हस्तलिखित प्रत ‘फेअर’ असते. पक्षपात न करणारा पंच ‘फेअर’ असतो. आणि प्रगतिपुस्तकावर ‘फेअर’ असा शेरा मिळालेला विद्यार्थी जेमतेम बरा असतो. या सहा ठिकाणी मराठीला निरभ्र, अनुकूल, गोरा, स्वच्छ, निःपक्षपाती व बरा असे सहा निरनिराळे शब्द योजावे लागतात. कोशकार त्यांना एकाच शब्दाखाली क्रमांक देऊन मांडतो. तथापि क्रमांक दिल्याने या अर्थांचा परस्परसंबंध स्पष्ट होत नाही, आणि ते केव्हा व कोणत्या कारणाने एकत्र आले हेही समजत नाही.

हा प्रश्न केवळ कोशरचनेचा नाही. सौंदर्य, गौरवर्ण व न्याय्यता हे तीन अर्थ एकाच विशेषणात नांदत असल्यामुळे त्यावरून दोन परस्परविरोधी अनुमाने काढली जातात. न्यायबुद्धी हा इंग्रजी संस्कृतीचा जन्मजात गुण असून ‘फेअर’ हा शब्द त्याची साक्ष आहे, असे एक पक्ष म्हणतो. इंग्रजी मनात गोरेपणा व न्याय यांचे प्रथमपासूनच ऐक्य आहे आणि हाच शब्द त्याचा पुरावा आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही अनुमानांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. ते असे की, आज जे अर्थ एकत्र दिसतात ते नेहमीच एकत्र होते. हे गृहीतक तपासल्यावाचून कोणतेही अनुमान ग्राह्य धरता येणार नाही.

तपासाची एक सोपी कसोटी उपलब्ध आहे. विशेषणाचा अर्थ त्याच्या विरुद्धार्थी शब्दावरून निश्चित होतो. ‘फेअर’चा एक प्रतिस्पर्धी ‘फाउल’ म्हणजे घाणेरडा, दूषित हा आहे. दुसरा ‘डार्क’ किंवा ‘ब्लॅक’ हा आहे. तिसरा ‘अनफेअर’ हा आहे. आणि श्रेणीच्या मापात त्याचे शेजारी ‘गुड’ व ‘पुअर’ हे आहेत. कोणत्या काळी कोणता प्रतिस्पर्धी समोर होता, हे पाहिले की या शब्दाचा इतिहास बऱ्याच अंशी उलगडतो.

२. मूळ अर्थ

‘फेअर’ हा शब्द जर्मानिक शाखेचा जुना वारसा आहे. प्राचीन इंग्रजीत ‘फॅयेर’, प्राचीन नॉर्समध्ये ‘फाग्र’, प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘फागर’ आणि गॉथिकमध्ये ‘फाग्र्स’ अशी त्याची भावंडे आढळतात. यांतील गॉथिक रूप विशेष उद्बोधक आहे. चौथ्या शतकात वुल्फिला याने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्यातील लूकच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायाच्या शेवटी चव गेलेल्या मिठाचा दृष्टांत आहे. असे मीठ जमिनीच्या किंवा उकिरड्याच्याही उपयोगाचे नसते, असे तेथे म्हटले आहे. ग्रीक मूळातील ‘उपयुक्त, योग्य’ या अर्थाच्या शब्दासाठी गॉथिक भाषांतरात ‘फाग्र्स’ हे विशेषण योजलेले आहे. उकिरड्याच्या संदर्भात आलेल्या या शब्दाचा सौंदर्याशी अथवा वर्णाशी काडीचाही संबंध नाही. ‘जागच्या जागी बसणारे, योग्य’ असा एक अतिप्राचीन अर्थ त्यातून डोकावतो.

पश्चिम व उत्तर जर्मानिक भाषांत मात्र ‘सुंदर, मनोहर’ हाच अर्थ प्रमुख झाला. प्राचीन इंग्रजीत ‘फॅयेर’ हे विशेषण स्त्रीपुरुषांना, भूमीला, वास्तूंना व वाणीलाही लागते. नकारवाचक रूपाचा अर्थही त्याला अनुसरून होता. इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तलिखितात टिकून राहिलेल्या ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात ग्रेंडेल या राक्षसाच्या डोळ्यांतून निघणाऱ्या ज्वालेसारख्या प्रकाशाला ‘उन्फॅयेर’ म्हटले आहे. तो प्रकाश भेसूर, विद्रूप आहे, अन्याय्य नव्हे. आजच्या इंग्रजी वाचकाला ‘अनफेअर’ या शब्दात जे दिसते त्याची तेथे छायाही नाही. शेक्सपिअरच्या १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या सुनीतांतील पाचव्या सुनीतात हेच रूप क्रियापद म्हणून येते, आणि तेथेही त्याचा अर्थ ‘सौंदर्य हिरावून घेणे’ असाच आहे.

असाच चकवा नॉर्वेच्या इतिहासप्रसिद्ध राजा हाराल्ड याच्या बिरुदात आहे. त्याचे नॉर्स बिरुद ‘हारफाग्री’ म्हणजे सुंदर केसांचा असे होते. इंग्रजीत ते ‘फेअरहेअर’ झाले, आणि आधुनिक वाचक त्याचे केस सोनेरी होते असे समजून चालतो. त्याचे केस कोणत्या रंगाचे होते हे बिरुद सांगत नाही. सी. एस. लुइस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या शब्दाभ्यासाच्या ग्रंथात अशा अर्थाला ‘धोक्याचा अर्थ’ म्हटले आहे. वाचकाच्या काळात प्रबळ असलेला अर्थ जुन्या वाक्यातही बिनतक्रार बसतो. वाक्य अडत नाही म्हणून शंका येत नाही, आणि शंका येत नाही म्हणून चूक कायम राहते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जत्रा किंवा मेळा या अर्थाचे इंग्रजी नाम ‘फेअर’ हे या विशेषणाचे सगोत्र नाही. ते ‘सणाचे दिवस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आले. भाडे या अर्थाचा समोच्चारी शब्दही ‘प्रवास करणे’ या अर्थाच्या वेगळ्या प्राचीन इंग्रजी धातूपासून निघाला आहे. उच्चारसाम्य हे कुळाचे प्रमाण नव्हे, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

३. वर्णवाचक अर्थाचा उदय

सुंदर या अर्थाकडून गोरा या अर्थाकडे झालेली वाटचाल हा अर्थसंकोचाचा नमुना आहे. ज्या समाजात विशिष्ट वर्णाला सुंदर मानले जाते तेथे सौंदर्यवाचक शब्दच हळूहळू त्या वर्णाचा वाचक होतो. मध्ययुगीन इंग्लंडच्या दरबारी काव्यात नायिकेचे सोनेरी केस व शुभ्र कांती हे ठरीव संकेत होते. कृषिप्रधान समाजात उन्हाने रापलेली त्वचा शेतावरील श्रमाची खूण ठरते आणि फिकट त्वचा श्रमातून मिळालेल्या सुटकेची. सौंदर्याच्या या कल्पनेत प्रथमतः वंशभेदापेक्षा वर्गभेदाचा अंश अधिक होता, असे म्हणण्यास आधार आहे.

सोळाव्या शतकापर्यंत वर्णवाचक अर्थ चांगला रुळला. परंतु त्याने मूळ अर्थाला हुसकावून लावले नाही. याचा अत्यंत स्पष्ट पुरावा १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलच्या अधिकृत भाषांतरात आहे. ‘गीतरत्न’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात नायिका स्वतःचे वर्णन काळी परंतु रूपवती असे करते आणि आपण उन्हाने काळवंडलो असल्याचे सांगते. त्यानंतर काही ओळींतच तिला ‘स्त्रियांमध्ये सर्वांत सुंदर’ असे संबोधिले जाते, आणि त्या संबोधनात इंग्रजी भाषांतरकारांनी ‘फेअर’ याच विशेषणाचे तमभाववाचक रूप वापरले आहे. म्हणजे जी स्त्री आठ कडव्यांच्या आत स्वतःला काळी म्हणवते, तीच ‘फेअर’ही आहे. भाषांतरकारांना यात विसंगती वाटली नाही. १६११ साली सौंदर्य व वर्ण हे अर्थ एकमेकांपासून अद्याप सोडवता येत होते, याला यापेक्षा निर्णायक प्रमाण शोधावे लागू नये.

तथापि त्याच पिढीत ‘फेअर’समोर ‘ब्लॅक’ हा शब्द अधिकाधिक उभा राहू लागला होता. शेक्सपिअरच्या १२७ व्या सुनीताचा प्रारंभच या जोडीवर आधारलेला आहे. पूर्वीच्या काळी काळ्या रंगाला सौंदर्यात जमा धरीत नसत. आता मात्र रंगरंगोटीने खऱ्या सौंदर्याची अप्रतिष्ठा केल्यामुळे काळा रंगच सौंदर्याचा वारस झाला आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. कवी रूढ संकेत उलटा करतो. परंतु उलटविण्यासाठी त्याला तो संकेत आधी गृहीत धरावा लागतो. ‘फेअर’ म्हणजे काळे नसलेले, ही समजूत वाचकाच्या मनात पक्की नसती तर या सुनीताचा चमत्कार साधलाच नसता.

या बदलाला ऐतिहासिक परिस्थितीचीही जोड होती. जॉन हॉकिन्स याने १५६२ साली पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांच्या व्यापारासाठी पहिली सफर केली. पुढील दशकांत इंग्लंडच्या वाङ्मयात व नाट्यगृहात कृष्णवर्णीय पात्रे अधिक दिसू लागली. किम हॉल यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या काळातील ‘फेअर’ व ‘डार्क’ या द्वंद्वाचा साक्षेपाने अभ्यास केला असून, सौंदर्याची वरवर निरुपद्रवी वाटणारी परिभाषा वंशभेदाची परिभाषा कशी होत गेली हे दाखविले आहे. वर उल्लेखिलेला बायबलचा पुरावा या प्रतिपादनाला छेद देत नाही. ही प्रक्रिया त्या काळी चालू होती, पूर्ण झालेली नव्हती, इतकेच त्यावरून सिद्ध होते. सॅम्युएल जॉन्सन याच्या १७५५ सालच्या कोशात या विशेषणाचा पहिला अर्थ सुंदर असा असून दुसराच अर्थ काळा वा तपकिरी नसलेला, गौरवर्णी असा दिला आहे. दीड शतकापूर्वी जो अर्थ काव्यसंकेतात घोळत होता त्याला कोशात स्वतंत्र क्रमांक मिळाला.

४. नैतिक अर्थ व खेळाचे मैदान

न्याय्यतेचा अर्थ गौरवर्णाच्या अर्थातून निघाला नाही, ही गोष्ट आवर्जून नमूद करावयास हवी. त्याचा मार्ग वेगळा होता, आणि त्या मार्गावरील प्रतिस्पर्धी शब्द ‘फाउल’ हा होता. सुंदर म्हणजे निष्कलंक. निष्कलंक म्हणजे डाग, मळ वा दोष नसलेले. आणि ज्या वर्तनात कपटाचा डाग नाही ते ‘फेअर’ वर्तन, अशी ही साखळी आहे. ‘मॅकबेथ’ नाटकाच्या आरंभीच चेटकिणी या दोन विशेषणांची अदलाबदल करतात, आणि त्या अदलाबदलीत हवा, रूप व नीती यांचा गोंधळ एकदमच सूचित होतो. ज्या काळी हे नाटक लिहिले गेले त्या काळच्या रंगभूमीवर नाटककाराच्या खाडाखोडीच्या कच्च्या मसुद्याला ‘फाउल’ कागद म्हणत, आणि त्यावरून उतरविलेल्या स्वच्छ लेखनाला ‘फेअर’ प्रत. महाराष्ट्रातील शाळांत आजही ‘रफ वही’ व ‘फेअर वही’ असा भेद करतात. त्यात या जोडीचा दुसरा निम्मा भाग टिकून आहे. पहिल्याची जागा मात्र दुसऱ्या इंग्रजी शब्दाने घेतली आहे.

वर्तनवाचक अर्थ दृढ होण्यास खेळाची भाषा विशेष कारणीभूत झाली. ‘फेअर प्ले’ हा जोडशब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला दिसतो. शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ या नाटकाच्या शेवटच्या अंकात फर्डिनंड व मिरांडा बुद्धिबळे खेळताना दिसतात. तो लबाडी करीत असल्याचा लटका आरोप मिरांडा करते, आणि लगेच म्हणते की राज्यांसाठी तो भांडला तरी ती त्याला ‘फेअर प्ले’च म्हणेल. प्रेमिकांच्या या थट्टेत एक गंभीर गोष्ट उघड होते. खेळ ‘फेअर’ आहे किंवा नाही हे ठरविण्यास नियम लागतात, आणि नियमाला साक्षीदार लागतो. साक्षीदारच पक्षपाती असला तर शब्द उरतो, अर्थ उरत नाही.

ॲडम स्मिथ याने १७५९ सालच्या नीतिभावनांवरील ग्रंथात हीच कल्पना समाजव्यवहाराला लावली. संपत्तीच्या व मानाच्या शर्यतीत प्रत्येकाने जिवाच्या आकांताने धावावे. परंतु त्याने प्रतिस्पर्ध्याला धक्का दिला किंवा खाली पाडले की तटस्थ प्रेक्षकांची सहानुभूती संपते, कारण तो ‘फेअर प्ले’चा भंग होय. स्मिथच्या या दृष्टांतात या शब्दाचा आधुनिक नैतिक अर्थ जवळजवळ पूर्ण स्वरूपात सापडतो. त्यात समानता अभिप्रेत नाही, दयाही अभिप्रेत नाही. सर्वांना मान्य असलेल्या नियमांनुसार चाललेली स्पर्धा तेवढी अभिप्रेत आहे. शर्यतीच्या आरंभरेषेवर कोण कोठून आले, हा प्रश्न त्या दृष्टांताच्या बाहेर राहतो. या शब्दाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोहोंचे बीज येथे आहे.

५. अर्थांचे संगमस्थळ

हे दोन प्रवाह वेगळ्या उगमाचे असले तरी एकाच शब्दातून वाहत असल्यामुळे ते एकमेकांत मिसळणे शक्य होते, आणि तसे ते मिसळलेही. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या १६०० साली मुद्रित झालेल्या नाटकात मोरोक्कोचा राजपुत्र पोर्शियाला मागणी घालण्यास येतो. आपल्या वर्णामुळे आपल्याला नाकारू नये, अशी विनंती तो प्रथमच करतो. पोर्शियाच्या पित्याने तीन पेट्यांचा पण लावलेला असल्यामुळे निवड तिच्या हाती नाही. ती उत्तर देते की, तसे नसते तर आजवर आलेल्या कोणत्याही वराइतकाच तोही ‘फेअर’ ठरला असता. हे विशेषण येथे तिहेरी काम करते. समान संधीचा, रूपाचा व वर्णाचा असे तिन्ही अर्थ त्यात एकाच वेळी ऐकू येतात. राजपुत्र त्यातील सन्मान ऐकतो. प्रेक्षकांनी मात्र आधीच्या अंकात आजवरच्या वरांविषयी पोर्शियाने काढलेले उपहासाचे उद्गार ऐकलेले असल्यामुळे त्यांना त्या सन्मानाची किंमत ठाऊक असते. पुढे तो चुकीची पेटी निवडून गेल्यावर, या वर्णाच्या सर्वांनीच अशी निवड करावी, असे पोर्शिया म्हणते. पणाचा नियम निःपक्षपाती होता. परंतु त्या नियमाचा उच्चार करणारा शब्द निःपक्षपाती नव्हता.

‘ऑथेल्लो’मध्ये व्हेनिसचा ड्यूक डेस्डिमोनाच्या पित्याची समजूत घालतो तेव्हाही हेच घडते. सद्गुणाला सौंदर्य म्हणावयाचे असेल तर तुमचा जावई काळा नसून कितीतरी अधिक ‘फेअर’ आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हेतू स्तुतीचा आहे यात संशय नाही. परंतु स्तुती ज्या मापाने केली ते माप गौरवर्णाचेच आहे. सद्गुणी पुरुषाला काळ्याच्या रकान्यातून काढून ‘फेअर’च्या रकान्यात नोंदविले जाते, रकाने मात्र तसेच राहतात.

प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन अनुमानांचा निकाल या ठिकाणी लागतो. न्याय्यतेचा अर्थ गोरेपणातून जन्मला नाही. म्हणून दुसरा पक्ष व्युत्पत्तीच्या आधारावर टिकत नाही. परंतु हे अर्थ एका शब्दात शेजारी आल्यावर त्या शेजाराचा उपयोग करून घेतला गेला. म्हणून हा शब्द न्यायबुद्धीची निर्मळ साक्ष देतो, हा पहिल्या पक्षाचा दावाही टिकत नाही. अर्थांचा संबंध त्यांच्या जन्मातून आलेला नसून त्यांच्या वापरातून घडलेला आहे, आणि वापराची जबाबदारी वापरणाऱ्यांवर असते.

६. श्रेणीवाचक अर्थ व कापसाचा बाजार

‘बरा, मध्यम’ हा अर्थ या विशेषणाच्या अर्थापकर्षाचा नमुना आहे. चांगला, पुरेसा चांगला, बरा अशा पायऱ्यांनी तो खाली उतरला. या घसरणीचे एक ठळक उदाहरण कापसाच्या व्यापारात मिळते, आणि त्याचा संबंध थेट वऱ्हाडाशी येतो. अमेरिकन कापसाच्या जुन्या प्रतवारीत ‘फेअर’ ही सर्वांत वरची प्रत होती. ‘मिडलिंग’ व इतर प्रती तिच्या खाली येत. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदी कापसाला जी प्रतवारी लावीत तिच्यात मात्र ‘फाइन’, ‘गुड’ या प्रती वर असून ‘फेअर’ ही त्यांच्या खालची प्रत होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस मिळेनासा झाला. तेव्हा धोलेरा, भडोच व उमरावती येथील कापसाचे भाव लँकेशायरच्या गिरण्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले, आणि ‘फेअर धोलेरा’ ही संज्ञा व्यापारी पत्रकांत नित्याची झाली. एकच विशेषण एका देशाच्या मालाला लागले की उत्तम, आणि दुसऱ्या देशाच्या मालाला लागले की साधारण, अशी ही स्थिती होती. यात शब्दाचा दोष नाही. सापेक्ष विशेषणाचा अर्थ श्रेणीतील त्याच्या स्थानावरून ठरतो, आणि ते स्थान श्रेणी लावणारा ठरवितो.

७. भाषांतराची कसोटी

आधुनिक काळात ‘फेअर’पासून झालेले ‘फेअरनेस’ हे भाववाचक नाम तत्त्वज्ञानाची परिभाषा बनले. जॉन रॉल्स यांनी १९५८ सालच्या लेखात व पुढे १९७१ सालच्या ग्रंथात न्यायाची मीमांसा ‘फेअरनेस’च्या आधारे केली. ज्या मूळ स्थितीत कोणालाच आपले स्थान ठाऊक नाही, त्या स्थितीत सर्वांनी मान्य केलेली तत्त्वे ती न्यायाची तत्त्वे, असा त्याचा गाभा आहे. स्मिथच्या दृष्टांतातून सुटलेला आरंभरेषेचा प्रश्न रॉल्स यांनी आत आणला. न्याय व ‘फेअरनेस’ या दोन संकल्पना एकच नव्हेत, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. नेमका हाच भेद भाषांतरात निसटतो. दोन्ही शब्दांना न्यायकुळातीलच प्रतिशब्द दिले की ‘न्याय म्हणजे न्याय्यता’ असे पुनरुक्त वाक्य तयार होते. ॲना विएझ्बिट्स्का यांनी २००६ सालच्या आपल्या ग्रंथात या अर्थाच्या ‘फेअर’ला अन्य युरोपीय भाषांतही नेमका प्रतिशब्द नाही असे प्रतिपादिले आहे. जर्मन भाषेने हा शब्द जसाच्या तसा उचलला, ही गोष्ट त्या प्रतिपादनाला पोषक आहे.

मराठीने मात्र एक प्रतिशब्द योजला आहे व तो लक्षणीय आहे. तो म्हणजे ‘रास्त’. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ सरळ असा आहे. संस्कृत ‘ऋजु’, लॅटिन ‘रेक्टुस’ व इंग्रजी ‘राइट’ हे त्याचे दूरचे सगोत्र होत. म्हणजे इंग्रजी शब्दातील मूळ प्रतिमा निष्कलंक रूपाची आहे, तर मराठी प्रतिशब्दातील प्रतिमा सरळ रेषेची आहे. ‘रास्त’ला रंग नाही. या एका भाषांतराने वर्णाचा अर्थ आपोआप गळून पडतो.

परंतु श्रेणीचा व व्यवहाराचा प्रश्न गळून पडत नाही. सरकारी भाषेतील ‘रास्त भाव दुकान’ लोकांच्या बोलण्यात ‘स्वस्त धान्य दुकान’ झाले. जो भाव देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांच्या दृष्टीने योग्य तो रास्त. जो घेणाऱ्याला परवडतो तो स्वस्त. लोकांनी दुसरा शब्द निवडून आपली बाजू कोणती हे सांगून टाकले. उसाच्या बाबतीत हाच पेच उलट बाजूने उभा राहतो. पूर्वीच्या वैधानिक किमान किमतीऐवजी २००९ साली ‘रास्त व किफायतशीर दर’ आला, आणि ‘एफआरपी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी तो महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात घरोघरी पोहोचला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत मिळावयास हवी. त्या आद्याक्षरांतील पहिल्या अक्षराचा अर्थ शेतकरी कष्टाच्या मोबदल्यावरून लावतो, तर कारखाना साखरेच्या बाजारभावावरून. इंग्रजी शब्द वाद मिटवीत नाही. वादाला एक मान्य नाव देतो.

विधीच्या क्षेत्रात या नावाचे मोल अधिक आहे. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा अर्थ लावताना, व्यक्तीचे स्वातंत्र्य हिरावणारी प्रक्रिया केवळ कायद्याने ठरविलेली असणे पुरेसे नाही, ती ‘फेअर’, न्याय्य व वाजवी असावयास हवी, असे तत्त्व प्रस्थापित केले. तीन विशेषणांपैकी एकही अनुच्छेदाच्या शब्दांत नाही. एका जुन्या शब्दाचा खेळाच्या मैदानावर घडलेला अर्थ येथे नागरिकाच्या संरक्षणास आला.

वर्णवाचक अर्थाने मात्र भारतात वेगळी वाट धरली. मराठीत ‘गोमटा’ हा सौंदर्याचा व भलेपणाचा जुना शब्द आहे आणि त्याला स्वतःचा रंग नाही. तरीही बोलण्यात तो बहुधा ‘गोरागोमटा’ या जोडीतच आढळतो. याच्या अगदी उलट, वारकरी संतांच्या वाणीत विठ्ठलाच्या रूपाचे सौंदर्य सावळेपणातच पाहिले आहे. मराठीजवळ अशा प्रकारे दोन्ही परंपरा होत्या. इंग्रजी विवाहविषयक जाहिरातींतील ‘फेअर’ने पहिल्या परंपरेला नवे बळ दिले. ‘फेअर अँड लव्हली’ हे प्रसाधन १९७५ साली भारतीय बाजारात आले. त्या नावात सौंदर्य व वर्ण यांचे समीकरण दोन विशेषणांच्या मधल्या एका उभयान्वयी अव्ययाने साधले होते. २०२० साली उत्पादकाने नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला व त्या जागी ‘ग्लो’ म्हणजे तेज हा शब्द आला. रंगाचा उल्लेख गेला, उजळपणाचा राहिला. एक शब्द वगळल्याने त्यामागील मूल्य वगळले जात नाही. ते दुसऱ्या शब्दाच्या आश्रयास जाते, हे अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाला नवे नाही.

८. निष्कर्ष

मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली अर्थविज्ञानाची मांडणी करताना अनेकार्थतेला स्वतंत्र संज्ञा दिली, आणि शब्दाला नवा अर्थ मिळाला म्हणून जुना नाहीसा होत नाही, हे तिच्या साहाय्याने दाखविले. ‘फेअर’चा इतिहास या तत्त्वाची पुष्टी करतो व त्यात एक भर घालतो. अर्थ शेजारी नांदतात तेव्हा त्यांतील एकाची प्रतिष्ठा दुसऱ्याला उसनी मिळू शकते. रूपाची प्रतिष्ठा वर्णाला मिळाली, आणि नीतीची प्रतिष्ठा कधी कधी या दोहोंनाही मिळाली. हे उसनेपण ओळखण्याचे साधन म्हणजे प्रत्येक प्रयोगात ‘फेअर’समोर कोणता विरुद्धार्थी शब्द उभा आहे हे विचारणे होय. फाउल, ब्लॅक, अनफेअर की पुअर, याचे उत्तर मिळाले म्हणजे अर्थ निश्चित होतो. ते उत्तर जेथे एकाहून अधिक निघते, तेथे वाचकाने थांबून वक्ता कोण व श्रोता कोण हेही पाहणे अगत्याचे ठरते. मोरोक्कोच्या राजपुत्राला ते पाहण्याची सवड नव्हती; अभ्यासकाला ती आहे.